पाचपट चित्र: एचडी आले तेव्हा नगरच्या संकलकाच्या टेबलावर काय घडले?

१/२७
ताम्रपट, शिलालेख, बखरी यांवर आपण अनेक थ्रेड वाचतो. आजचा थ्रेड एका अगदी अलीकडच्या आणि म्हणूनच दुर्लक्षित साधनावर आहे: व्हिडिओ संकलनाचा संगणक. साधारण २००४ ते २०१२ या काळात चित्र ‘एचडी’ झाले आणि तालुक्यातालुक्यांतील संकलकांना आपली यंत्रे बदलावी लागली. या बदलाने अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय नेले, ते पाहू.

२/२७
आधी मुद्दा स्पष्ट करतो. मोडी वाचणारा उरला नाही की दप्तरातला रुमाल शाबूत असूनही मुका होतो. चुंबकीय फितीचे तसेच आहे, फक्त तिची लिपी माणसाला वाचताच येत नाही. ती यंत्रच वाचते. त्यामुळे ‘जुने यंत्र काढून नवे घेणे’ हा केवळ खर्चाचा वा वेगाचा प्रश्न नसतो. त्या खरेदीबरोबर जुन्या नोंदींचे भवितव्यही ठरत असते.

३/२७
सुरुवात दादासाहेब फाळके यांच्यापासून. १९१२ साली ते इंग्लंडला गेले आणि विल्यमसन कॅमेऱ्यासह फितीच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले. दादरच्या घरात अंधार करून भोके पाडण्याच्या आणि फीत धुण्याच्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. त्या काळचे संकलन म्हणजे कात्री, डिंक आणि डोळा. फीत उजेडात धरली की चित्र दिसत असे.

४/२७
यंत्र बदलण्याची पहिली मोठी सक्ती ध्वनीने आणली. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात मूकपटांसाठी उभी राहिली. १९३२ मध्ये तिला ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट करावा लागला. मूकपटाची गती हाताच्या अंदाजाने चाले, बोलपटाला सेकंदाला २४ चित्रे नेमकी हवीत. कॅमेरा आवाज करणारा चालेना. संकलनाच्या टेबलावर चित्राची आणि ध्वनीची अशा दोन फिती एकाच वेळी धावू लागल्या. एक गोष्ट बदलली आणि तिच्यामागे सगळा कारखाना बदलला.

५/२७
प्रभातच्याच पुण्यातील जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. संकलनाच्या त्या पिढीचे यंत्र म्हणजे मूव्हिओला आणि पुढे जर्मन बनावटीचा स्टीनबेक टेबल. येथील एक शिस्त लक्षात ठेवा: संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तो तिच्यावरून काढलेली कामाची प्रत कापत असे आणि सगळे निर्णय पक्के झाल्यावरच निगेटिव्ह कापली जाई. ही शिस्त पुढे एचडीच्या काळात वेगळ्या रूपात परत येते.

६/२७
२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्याच सुमारास यू-मॅटिकसारख्या कॅसेटी जगभर रुळू लागल्या. आता चित्र चुंबकीय फितीवर गेले, म्हणजे डोळ्यांआड गेले. संकलन दोन यंत्रांमध्ये होऊ लागले: एकावर वाजवायचे, दुसऱ्यावर उतरवायचे. मध्येच एक दृश्य घालायचे असेल तर पुढचे सगळे पुन्हा उतरवावे लागे. प्रत्येक उतरवणीत चित्र थोडे फिके पडे.

७/२७
१९८० च्या दशकात व्हीएचएस आले आणि लग्नाचे ‘शूटिंग’ हा ग्रामीण महाराष्ट्रात व्यवसाय झाला. संकलनाला लोक ‘मिक्सिंग’ म्हणत. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा असलेला नगर जिल्हा अकोल्याच्या सह्याद्रीपासून जामखेडच्या पठारापर्यंत १७,०४८ चौरस किलोमीटर पसरलेला आहे. एवढ्या विस्तारात बहुतेक गावांचे पहिले हलते चित्र कोणत्याही वृत्तसंस्थेने नव्हे, तर लग्नाच्या शूटिंगवाल्याने टिपले.

८/२७
त्या कॅसेटींत नवरा-नवरी तर असतातच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या मागे पाहावे. हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायका, मांडवाबाहेर उभा पाण्याचा टँकर, आज पडलेला वाडा, पंगतीत कोण कुठे बसले आहे, वरात कोणत्या वस्तीपर्यंत जाते आणि कुठून वळते. गॅझेटियरमध्ये यातले फार थोडे सापडते. कुणीही इतिहास म्हणून न केलेली ही नोंद आहे, आणि म्हणूनच ती मोलाची आहे.

९/२७
१९८९ साली अमेरिकेत ‘एव्हिड’ ही संगणकीय संकलन-प्रणाली आली. फितीवरचे चित्र हार्ड डिस्कवर घ्या, मग कुठलाही तुकडा कुठेही ठेवा. ‘द इंग्लिश पेशंट’ या चित्रपटासाठी वॉल्टर मर्च यांना १९९७ साली संकलनाचे ऑस्कर मिळाले; संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला मिळालेले ते पहिले. त्या प्रणालीची किंमत मात्र मोठ्या स्टुडिओलाच झेपणारी होती.

१०/२७
जिल्ह्याच्या ठिकाणी हे तंत्र आले ते १९९५ नंतरच्या मिनी-डीव्ही कॅसेटमुळे. कॅमेरा चित्र स्वतःच आकसून सेकंदाला २५ मेगाबिटांत बसवत असे आणि फायरवायरच्या एका तारेने ते संगणकात उतरे. तासाभराच्या चित्रणाला सुमारे १३ गिगाबाइट पुरत. मॅट्रॉक्स किंवा कॅनोपसचे कार्ड टाकलेला असेंबल्ड संगणक घेतला की दुकान उभे राही. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळत.

११/२७
आणि मग २००३ साली चार जपानी कंपन्यांनी ‘एचडीव्ही’ हे मानक जाहीर केले. त्याची चलाखी अशी होती की कॅसेट तीच, तार तीच, सेकंदाला २५ मेगाबिटही तेच; चित्र मात्र एचडी. पुढच्याच वर्षी सोनीचा एफएक्स-१ आला आणि २००७ मध्ये खांद्यावर घ्यायचा एचडी-१०००, जो लग्नाच्या व्यवसायात चांगलाच रुळला. कॅमेरा बदलला की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक होते.

१२/२७
पण गणित पाहा. जुने पॅल चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. पूर्ण एचडी चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. बरोबर पाचपट. एचडीव्हीने आडवे ठिपके १४४० वर आणून भार थोडा कमी केला, तरी ते पावणेचारपट होतेच. एवढे चित्र तेवढ्याच जागेत कोंबायचे तर कुठेतरी किंमत मोजावी लागणार. ती मोजली संगणकाने.

१३/२७
ही किंमत समजायला रोजकीर्द आठवा. मिनी-डीव्हीत प्रत्येक चित्र स्वतंत्र व पूर्ण असते, जणू रोजच्या रोज पूर्ण शिल्लक मांडलेली. एचडीव्हीत बारा चित्रांच्या गटात एकच पूर्ण असते. बाकीच्यांत ‘शेजारच्या चित्रापेक्षा काय बदलले’ एवढीच जमाखर्चाची नोंद. मधल्या एका दिवसाची शिल्लक हवी तर आसपासच्या नोंदी धरून हिशेब करावा लागतो. संकलक कात्री लावतो ती नेमकी अशा मधल्या चित्रावर, आणि संगणक प्रत्येक वेळी हिशेब करत बसतो.

१४/२७
येथून ‘अपग्रेड’ची साखळी सुरू झाली. मेमरी वाढवली, पण ३२ बिटांची प्रणाली ४ गिगाबाइटांपलीकडे पाहू शकत नव्हती. ग्राफिक्स कार्ड बदलावे तर नवी कार्डे पीसीआय एक्सप्रेस खाचेची, जुन्या बोर्डावर एजीपी. बोर्ड बदलला की प्रोसेसर बदला, मग पॉवर सप्लाय अपुरा. शेवटी जे कार्ड जपण्यासाठी हा आटापिटा, त्या मॅट्रॉक्स वा कॅनोपस कार्डाचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना. डागडुजी करता करता हाती आख्खे नवे यंत्रच येई.

१५/२७
डिस्कचा प्रश्न वेगळाच. न आकसलेले एचडी चित्र सेकंदाला १०० मेगाबाइटांहून जास्त जागा मागते. त्या काळची एकटी हार्ड डिस्क तिथे दमत असे. म्हणून मधला मार्ग निघाला: संकलनापुरते चित्र अशा रूपात बदला की प्रत्येक चित्र पुन्हा स्वतंत्र होईल. एव्हिडचे डीएनएक्सएचडी, कॅनोपसचे एचक्यू, ॲपलचे प्रोरेस (२००७) ही ती रूपे. प्रोसेसरचा भार हलका झाला, डिस्कचा वाढला.

१६/२७
दुसरा मार्ग म्हणजे हलकी दुय्यम प्रत काढून तिच्यावर संकलन करायचे आणि शेवटी मूळ एचडी चित्र जोडायचे. पाचव्या भागातली स्टीनबेकची शिस्त आठवली ना? कामाची प्रत आणि निगेटिव्ह यांचेच हे संगणकीय रूप. तिसरा मार्ग सर्वांत सोपा होता: एचडीत टिपायचे, पण कॅमेऱ्यातूनच साध्या चित्रात उतरवून घ्यायचे. यंत्र जुनेच चालत असे.

१७/२७
हा तिसरा मार्ग आळसाचा नव्हता. ग्राहकाच्या घरी काचेच्या नळीचा टीव्ही होता आणि हातात द्यायची ती डीव्हीडी, जिच्यात चित्र ७२० गुणिले ५७६ चेच मावते. २००८ साली ब्लू-रेने प्रतिस्पर्धी तबकडीवर मात केली, पण आपल्याकडे ती घरोघरी पोहोचलीच नाही. म्हणजे काही वर्षे अशी गेली की एचडी टिपले जात होते, मात्र पाहणारा कुणी नव्हता. यूट्यूबने २००९ साली १०८० रेषांचे चित्र स्वीकारले, तेव्हा पाहणारा येऊ लागला.

१८/२७
यात भारनियमनाची भर घाला. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात तासन् तास वीज नसे. संकलकाच्या भाषेत ‘रेंडर लावणे’ म्हणजे पूर्ण झालेल्या कामाचे अंतिम चित्र संगणकाकडून बांधून घेणे. यंत्र संथ असेल तर हे काम रात्रभर चाले, आणि मध्येच वीज गेली तर पहिल्यापासून. यूपीएस काही मिनिटे तग धरे, आणि नवे ताकदवान यंत्र तीच बॅटरी आणखी लवकर संपवी. यंत्र निवडताना विजेच्या वेळापत्रकाचाही विचार करावा लागे.

१९/२७
२००८ साली कॅननचा ५डी मार्क टू आला. फोटोच्या कॅमेऱ्यातून सिनेमासारखे एचडी चित्र मिळू लागले. त्यातली एच.२६४ ही पद्धत संगणकाला एचडीव्हीहूनही जड होती. २०१० साली ॲडोबीच्या प्रीमियरची ६४ बिटांची आवृत्ती आली, जी ग्राफिक्स कार्डाकडूनही काम करून घेई. येथे जुन्या यंत्राची डागडुजी संपली. ज्याला पुढे जायचे त्याने नवे यंत्र घेतले, बाकीचे हळूहळू व्यवसायाबाहेर गेले.

२०/२७
आता या बदलाने काय दिले ते पाहू. अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स ॲण्ड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचा विभाग आहे. तेथे शिकणाऱ्या नागराज मंजुळे यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ (२००९) हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या एका वंचित मुलाची ती गोष्ट. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला.

२१/२७
याच जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्याचे भाऊराव कऱ्हाडे. शेतजमीन विकून त्यांनी ‘ख्वाडा’ केला. मेंढ्यांमागे भटकणाऱ्या धनगर कुटुंबाची कथा. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनासाठी विशेष उल्लेख आणि महावीर सबनवाल यांना स्थळध्वनिमुद्रणाचा पुरस्कार, असे दोन मान त्याला मिळाले. चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला.

२२/२७
या दोन चित्रपटांचे श्रेय यंत्राला देणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. त्यांचे भांडवल म्हणजे जगलेले आयुष्य आणि आपली बोली. पण याआधीच्या पिढीला सिनेमा पूर्ण करायचा तर कच्ची फिल्म, मुंबईतली लॅब, निगेटिव्ह कटिंग आणि तेवढा पैसा असे सगळे दरवाजे एकामागून एक उघडावे लागत. संकलनाचे यंत्र घरच्या टेबलावर आले तेव्हा त्यातले बरेच दरवाजे लागेनासे झाले. तालुक्यातल्या मुलाला ‘मी सिनेमा करतो’ म्हणणे शक्य झाले, ते या काळात.

२३/२७
आणि नेले काय? कॅसेट महाग, म्हणून मूळ चित्रणाच्या कॅसेटीवर पुढचे लग्न टिपणे ही रूढ पद्धत. डिस्क भरली की जुने काम पुसणे हीसुद्धा. ग्रामीण संकलकाला दोष देण्याआधी हे पाहा: मानवाच्या पहिल्या चांद्रावतरणाच्या चित्रणाच्या मूळ फितींचा नासाने शोध घेतला, तेव्हा २००९ साली निष्कर्ष निघाला की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. जागेची टंचाई सगळीकडे सारखीच निर्णय घ्यायला लावते.

२४/२७
जे पुसले गेले नाही, त्याची वाट वेगळ्या रीतीने बंद झाली. नव्या संगणकांतून फायरवायरची खाच गेली. जुन्या संकलन-कार्डाच्या खास रूपात साठवलेल्या फायली त्या कार्डाविना उघडत नाहीत. २०११ साली ‘फायनल कट प्रो टेन’ आले, तेव्हा आदल्या आवृत्तीतले प्रकल्पच त्यात उघडेनात. जगभरचे संकलक संतापले. जुने यंत्र भंगारात गेले की त्याच्याबरोबर ते वाचणारा शेवटचा ‘मोडी-वाचक’ही गेला.

२५/२७
याच जिल्ह्यातले एक उलट उदाहरण आहे. १९६७ साली लुई व्हॅन गॅस्टरेन या डच चित्रपटकाराने नगरजवळच्या मेहेराजाद येथे मेहेरबाबांचे चित्रण केले. ते फिल्मवर होते. त्या दशकातल्या आपल्या चित्रणातून त्यांनी जो चित्रपट बांधायला घेतला होता, तो २०१२ साली पूर्ण झाला. त्यात हे चित्रणही आहे. ४५ वर्षांनी फिल्म काढली, स्कॅन केली आणि ती दिसली. २००७ साली नगरमध्ये टिपलेली एचडीव्ही कॅसेट २०५२ साली वाचायला यंत्र कुठून आणणार, हा प्रश्न म्हणूनच खरा आहे.

२६/२७
हातात वेळ थोडा आहे, म्हणून काम सांगतो. घरात मिनी-डीव्ही वा व्हीएचएस असेल तर आधी तिच्यावर गाव, वर्ष आणि प्रसंग लिहा. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका. चालू कॅमेरा आणि फायरवायर असलेला जुना संगणक ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडून कॅसेट जशीच्या तशी उतरवून घ्या. तासाला १३ गिगाबाइट आज काहीच नाहीत. दोन प्रती दोन घरांत ठेवा. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘४के’ केलेली प्रत हौसेपुरती असू द्या. त्यात यंत्राने कल्पनेने भरलेले ठिपके असतात. मूळ पुसू नका, साधन तेच आहे.

२७/२७
शेवटी एक आवाहन. तुमच्या तालुक्यात जुना मिक्सिंगवाला असेल तर त्याला भेटा. त्याने कोणते यंत्र कधी घेतले, कधी विकले, कुठल्या कॅसेटी अजून माळ्यावर आहेत, हे विचारून लिहून ठेवा. राजवाड्यांच्या पिढीने गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली, तेव्हा त्यांतले बरेच कागद रद्दीच्या वाटेवर होते. तुमच्या गावची सर्वांत जुनी व्हिडिओ नोंद कोणत्या वर्षाची, कशाची आणि आज कोणत्या अवस्थेत आहे? खाली लिहा. आलेल्या उत्तरांची तालुकावार यादी पुढच्या थ्रेडमध्ये देतो.